आत्या, खाला आणि माझा तक्ता

माझी आत्या आज सकाळी गेली. तिचे शेवटचे अठरा दिवस मी नासवले.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. एका लेक्चरसाठी हत्याकांडांचा तुलनात्मक तक्ता करत होते. कुठं झालं, किती मेले, वाचलेल्यांवर काय परिणाम.

दोन साक्षीदार हाताशी होते, म्हणून हुरळून गेले.

आत्या सात वर्षांची असताना रझाकारांनी सिल्लोडकडच्या आमच्या गावात तिच्या वडलांना आणि थोरल्या भावाला मारलं. माझे बाबा तेव्हा पाळण्यात होते.

शेजारच्या खालाच्या घरचे पुरुष तिच्या गावात पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेल्यावर, मारले गेले. सूड उगवायला जमाव आला होता. खाला तेव्हा सहाची.

आता शहरालगत पडेगावात आमच्या दोन घरांत एकच भिंत. तीस वर्षं दोघींचा अकराचा चहा एकत्र. त्या दिवसांबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आणि मी शहाणीनं फोन रेकॉर्डिंगला लावून विचारलं, दोघींपैकी जास्त कुणी सोसलं?

आत्या बोलून गेली, "आधी आमचं झालं. तुमचं मागून."

खालानं कप खाली ठेवला आणि उठून गेली.

तेव्हापासून अकराच्या चहाला खाला आली नाही. आत्या दाराकडं बघत बसायची, चहा गार व्हायचा. मी माफी मागून येते म्हटलं, तर म्हणाली, तू आता आणखी काही करू नकोस.

मध्ये एक मिरवणूक गेली. डीजे, घोषणा.

दोघी एकाच वेळी आपापल्या मागच्या दारी आल्या आणि दोरीवरचे कपडे भराभर काढायला लागल्या. इकडं लुगडं, तिकडं बुरखा. दोरी बघून घर कुणाचं ते कळतं, हे दोघी वेगवेगळ्या गावांत शिकल्या होत्या.

वाटलं, आता तरी बोलतील.

कपडे घेऊन दोघी आपापल्या घरात गेल्या.

आज आत्याला खाली ठेवलं तेव्हा माझं सगळं लक्ष गेटकडं. खाला आली नाही तर? आली तर कुठल्या तोंडानं बोलू?

आली. आत्याच्या उशाशी बसून तिनं तिचा हात हातात घेतला.

"मी रुसले नव्हते, बाई. रोज यायला निघायची. तुझ्या भावाचं नाव विचारायचं व्हतं, हिंमत व्हईना."

मग माझ्याकडं वळली. "काय नाव व्हतं, बेटी?"

तो माझा सख्खा काका.

मला माहीत नव्हतं. बाबाही केव्हाच गेलेले. ते सांगू शकणारं शेवटचं माणूस आमच्या दोघींच्या मध्ये निजलं होतं.

आत्या, मला माफ कर. आता तरी निर्धास्त राहा.