आप्पांच्या हातून मोडलेला आर्मरेस्ट

आमच्या शेजारच्या आप्पांना दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायची खोडच होती. आमटी खारट झाली की काकींना म्हणायचे, "मीच तुला मगाशी बोलन्यात गुतवली गो." कुणाची एसटी चुकली तर, "मीच त्याला चहाला थांबवला." त्याने चहा घेतलेला नसला तरी.

बाजाराला ते माझ्या पिकअपमधून म्हसळ्याला यायचे. माझ्या म्हणजे दादाच्या, चालवायचो मी. आधी एकदा गाडी ठोकून ठेवली होती, म्हणून दादाने बजावलं होतं, "आता नुसता ओरखडा दिसला तरी चावी काढून घेईन."

आणि एका सकाळी पाइप आत कोंबताना डाव्या दारावरचा, हात टेकायचा प्लास्टिकचा आर्मरेस्ट माझ्या हातून तडकला. मी तो तसाच दाबून बसवला. घाटातल्या वळणावर आप्पांनी आधाराला धरला, तर अख्खा त्यांच्या हातात आला. मी गप्प बसलो. घरी दादाने विचारलं तेव्हाही आप्पाच बोलले, "माज्या हातान् मोडला. पोराला काय बोलू नको." दादाने त्यांनाच झापलं, वयाचा मान न ठेवता. मी नालायक, मान खाली घालून उभा. चावी माझ्याकडेच राहिली.

आप्पांनी तो तुकडा पिशवीतून घरी नेला. चुलीत तार तापवून भोकं पाडली, आतून पत्र्याची पट्टी आवळली, भेगेत खायचा सोडा भरून वर झटपट चिकटणारा गोंद सोडला. अंगठा भाजून घेतला. "जेवायला उठत न्हाईत, तेच घेऊन बसल्यात," काकी सांगत होत्या.

काम पक्कं झालं होतं, मी जोर लावून पाहिला. पण आप्पांनी पुन्हा कधी त्यावर हात ठेवला नाही. दोन्ही हात मांडीवर घेऊन बसायचे. वळण आलं की कधी दारावर आपटायचे, कधी माझ्या अंगावर.

"धरा की आप्पा."

"नको रे. लोकांची वस्तू."

हे मला बघवेना. शेवटी श्रीवर्धनच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. आप्पांनी बाहेर सुपारीच्या वाडीकडे नजर वळवली.

"म्हंजे मीच आधी बोललो, म्हनून तुला खरं बोलाया मिळाला न्हाय. व्हय ना?"

मला रागच आला. "आप्पा, ही चूक तरी माझी मला राहू द्या."

"ऱ्हाऊ दे. पन दादाला सांगू नको. म्हाताऱ्याला उगाच बोललो म्हनून जीवाला लावून घेल तो."

यंदा होळीनंतर आप्पा गेले. स्मशानातून परतताना दादा माझ्या शेजारी, त्याच आर्मरेस्टवर कोपर टेकून बसला होता. डोळे पुसून म्हणाला, "माणूस सोन्यासारखा होता रे. हात तेवढा धसमुसळा."

मी गिअर बदलला आणि "हं" म्हणालो.