ध्रुवकाका आणि आमच्या टाकीचा पंप

डोंबिवलीकराला पूर्व आणि पश्चिम एवढ्या दोन दिशा पुरतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या ध्रुवकाकांना मात्र उत्तरच लागायची. रिक्षातसुद्धा ते "जरा उत्तरेला घे" म्हणायचे. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, लेफ्ट का राइट?" की काका चिडलेच. मुलीने त्यांना एक साधा डिजिटल कॅमेरा दिला होता, नातवाचे फोटो काढायला. काकांनी नातवाचा एक फोटो काढला, तोही हललेला, आणि कॅमेरा आकाशाकडे वळवला.

त्यांना ध्रुवताऱ्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांची वर्तुळं हवी होती. एवढ्याशा कॅमेऱ्याचं शटर फार वेळ उघडं राहत नाही, म्हणून ते बटणावर सुपारी ठेवून वरून रबर आवळायचे. कॅमेरा फोटोमागून फोटो काढत बसायचा. मग मी ते कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचे, की ठिपक्यांच्या रेघा व्हायच्या. "सुपारी चिकणीच हवी, भरडी चालत नाही," हे ते मोठं शास्त्र असल्यासारखं सांगायचे.

पण रेघा कायम थरथरलेल्या. खालून शेजारच्या बिल्डिंगचे पत्रे आड यायचे, म्हणून कॅमेरा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर ठेवलेला. आणि आमच्याकडे पाणी येतं रात्री. पंप सुरू झाला की टाकी थरथरायची आणि तिच्यासोबत अख्खं आकाश. काकूंनी एक फोटो चष्मा लावून निरखला. "चकली छान झालीय हो. काटेसुद्धा आलेत."

तेवढ्यात उत्तरेला एक टॉवर उठू लागला. आपल्याकडून ध्रुव तसा खालीच दिसतो. प्रत्येक स्लॅब पडला की टॉवर त्याच्या आणखी जवळ पोचायचा आणि काकांची झोप उडायची. शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते उभे राहिले. "मला एक रात्र पंप बंद हवाय."

पाणी म्हटल्यावर गदारोळच झाला. तळमजल्यावरचे म्हात्रे म्हणाले, "काका, तारा काय पलून चाललाय का?"

"तारा नाही हो, टॉवर येतोय!" म्हणताना काकांचा आवाज एकदम फुटला.

पार्किंगवरून वर्षानुवर्षं भांडणारी आमची सोसायटी पहिल्यांदाच एकमताने हो म्हणाली. घरोघरी पिंपं भरून ठेवली गेली.

पंप बंद राहिला खरा, पण आपण रात्रीच्या पाण्यावर पाणी कशासाठी सोडलं ते बघायला अख्खी बिल्डिंग गच्चीवर आली. पोरं, भेळ, मोबाइलचे टॉर्च. काका "दिवे बंद करा!" ओरडत फिरत होते, स्वतःच टॉर्च घेऊन. फोटोत वर्तुळं अगदी गोल आली, मधोमध ध्रुव, टॉवरच्या सळयांच्या जेमतेम वर. खाली मात्र टॉर्चच्या उजेडाचा नुसता गिरगटा.

"काका, खालचं कापून टाकू?"

"नको गं. राहू दे. सगळे आलेत त्यात."

पुढे काका-काकू मुलीकडे पुण्याला गेले. मला अजून त्यांच्यावाचून गच्चीवर करमत नाही. टॉवर पुरा झाला, लोक राहायला आले. काकांचा फोन येतो तेव्हा माझी चौकशी नंतर, आधी, "ध्रुव कसा आहे?"

मी टाकीजवळ जाऊन अंदाज घेते. "अठराव्या मजल्यामागे गेलाय, काका. बाल्कनीत टॉवेल वाळत घातलेत."

काका विचारतात, "माणसं चांगली आहेत ना गं?"

त्या घरातलं कुणीही मला माहीत नाही.

"हो काका," मी म्हणते. "खूप चांगली आहेत."