सासुरवाडीतली दोन पातेली

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बायको वीस वर्षांची असो नाहीतर अडतीस, रीत ती रीत. माझ्या मिशा पिकायला लागल्यावर घरात पाळणा हलायची वेळ आली, तरी सातव्या महिन्यात ओटी भरून सासूबाई लेकीला साताऱ्याला घेऊन गेल्या. मी सांगलीतच राहिलो, कुपवाडच्या कारखान्यात पंप जुळवत.

तिथले सोबती जेवणाच्या सुट्टीत सोडायचे नाहीत. "काय रं गड्या, पोरगं शाळंत जाईल तवा तू पेन्शनीत. मास्तर इचारतील, आजोबा, आई-बाप कुठं हाईत?" मीही हसायचो आणि गेटाबाहेर जाऊन साताऱ्याला फोन लावायचो.

"कशी हायस?"

"बरी हाय."

"डॉक्टर काय म्हणल्या?"

"बरं हाय म्हणल्या. तुमी जेवला का?"

संपला फोन.

सुट्टीच्या दिवशी एसटीनं साताऱ्याला जायचो. जायचो बायकोची काळजी घ्यायला, आणि तिथं माझीच काळजी सुरू व्हायची. बाहेरच्या सोप्यातली खुर्ची, पाण्याचा तांब्या, कोरा टॉवेल, पहिलं ताट. सासरे फौजेतून निवृत्त झालेले. लेकीची तब्येत विचारली की छाती काढून म्हणायचे, "एकदम फिट, जावईबापू! मोर्चा आमी संभाळलाय." स्वयंपाकघरात जावयानं डोकवायचं नाही. बायको दारात उभी राहून माझं जेवण बघायची आणि परत आत जायची. माणसाला इतका मान दिला की त्याला काही सांगावं लागत नाही. मी वाढलं ते खात गेलो आणि वर ढेकर देत गेलो.

नववा लागला त्या सुमारास एकदा जेवण झाल्यावर सासूबाई शेजारी ताक आणायला गेल्या. मी संधी साधून आत घुसलो. बायको भिंतीला टेकून जेवत होती. शेजारी बसलो आणि लाडात येऊन तिच्या ताटातली वांग्याची फोड उचलली. ठार अळणी. माझ्या ताटातलं वांगं तर चांगलं चवदार होतं. शेगडीकडं बघितलं, तर दोन पातेली.

"हे काय गं?"

तिनं ताट पलीकडं सरकवलं. तेवढ्यात मला तिचे पाय दिसले. घोटा कुठं संपतो आणि पाऊल कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. दारात उभी राहताना ही साडी इतकी पायघोळ का सोडते, ते मला आत्ता समजलं.

"बीपी वाढलंय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणल्या मीठ कमी करा. आईनं बंदच केलं."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"आवं, तुमचं हात दिवसभर मशिनीत. डोक्यात ह्यो इचार आला आन् हात भलतीकडं गेला तर? मग आमाला कोण?"

तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. खोदून विचारल्यावर बाकीचं बाहेर पडलं. बीपी आणखी चढलं तर तिच्या आणि बाळाच्याही जिवाला धोका होता. लगेच दाखल करून मूल वेळेआधी काढायला लागेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तपासणीला तिला न्यायचे कोण, तर सासरे. स्कूटरवरून.

"मी हिला सांगलीला नेतो," मी सोप्यात येऊन जाहीर केलं.

सासूबाई ताकाचं भांडं घेऊन दारातच थांबल्या. "पावनं, लेकीचं पहिलं बाळंतपण झेपलं न्हाई म्हणत्याल लोक." त्यांचे डोळे भरले. एवढा प्रवास तिला सोसणार नाही, हे मलाही दिसत होतंच.

"मग मीच इथं राहतो."

सासूबाईंनी सासऱ्यांकडं बघितलं. जावई मुक्कामाला राहिला तर गल्लीला काय सांगायचं? शेवटी सासरे म्हणाले, "ऱ्हावा की. पर रजा मंजूर हाय का?"

मंजूर नव्हती. मालकांना फोन केला. मोठा माल निघायचा होता, ते उखडले. "बाळंत तू होणार हाईस का रं? मला तीन पोरं झाली, एकदाबी काम सोडलं न्हाई!"

"व्हय साहेब."

"तुझ्या जागी दुसरा बसवायला लागंल. परत आल्यावर तीच जागा मिळंल असं समजू नगंस."

"व्हय साहेब," मी परत म्हणालो. काहीतरी बाणेदार बोलायला हवं होतं, पण ते मला नंतर चहा पिताना सुचलं. येणाऱ्या पोराला बापही पाहिजे आणि बापाला कामही पाहिजे. इतकी वर्षं बाप व्हायची वाट बघितली, पण हे कसं जमवायचं याचा विचार कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना बरोबर घेऊन तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. सिस्टरनी दंडाला पट्टा गुंडाळला, हवा सोडली, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा गुंडाळला. मग आत जाऊन डॉक्टरांना विचारून आल्या.

"दाखल करतोय. बांगड्या, जोडवी, सगळं काढून घरच्यांकडं द्या."

वॉर्डातल्या खाटेवर बसवून सासूबाईंनी बांगड्या कशाबशा काढल्या. जोडवी मात्र सुजलेल्या बोटांत रुतून बसली होती.

"कापायला लागतील," सिस्टर म्हणाल्या. बायकोचा चेहरा उतरला.

"ती सोनोग्राफीची जेली द्या जरा," मी म्हणालो. खाली फरशीवर बसलो आणि तिचं पाऊल मांडीवर घेतलं.

"अगं बया! पावनं, बायकूच्या पायाला हात?" सासूबाई ओरडल्या. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या.

"मामी, पाप लागलं तर मला लागू द्या."

"सोडा वो," बायको पदराआडून पुटपुटली. "लोक बघत्यात."

"बघू दे."

अडकलेली वस्तू ओढायची नसते, फिरवत फिरवत काढायची असते. कारखान्यात मी हेच करतो. बोटानं दाबलं की तिच्या पायावर खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ घ्यायचा.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"लय दुखतंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला लय भ्या वाटतंय वो."

"मलापण," मी म्हणालो आणि हात आणखी हळू केला.

जोडवं निघालं. खाली बोटावर खोल पांढरा वळ होता. मी जोडवं मुठीत धरून तसाच बसून राहिलो.

"झालं का?" सिस्टर घाईघाईनं म्हणाल्या. "दुसरा पाय घ्या पटकन. आत ऑपरेशनचं थेटर तयार करायला सांगितलंय."