शीआनहून हललेला टँकर

पाण्याच्या कुठल्याशा समितीवरचे आमचे शेजारी दुष्काळात अभ्यासासाठी चीनमधल्या शीआनला गेले. गल्लीचा टँकर त्यांच्या फोनशिवाय हलत नसे, म्हणून निघताना बायकोच्या मोबाईलमध्ये तिथं चालणारं ॲप टाकून गेले. नवव्या कोरड्या दिवशी वहिनींनी माझ्यासमोरच व्हिडिओ कॉल लावला. साहेब जुन्या तटावर सायकल फिरवत होते.

"असा तट दौलताबादला बी नाय, काका. मोबाईल दाखवला की मेट्रोचं दार उघडतंय. लई अभ्यास हाय इथं."

तासाभरात टँकर आला आणि त्यांच्या एकट्याच्या हौदात रिकामा झाला. ओशाळलेल्या वहिनींनी पुन्हा कॉल लावून मोबाईल माझ्या हातात दिला.

"साहेब, बाकीच्या गल्लीचं काय?"

"आवाज येईना, काका."

मी हळूच म्हणालो, "मग राहू द्या."

"बरं," ते म्हणाले.