गट्टूवरचे खांब

सांडू म्हणजे आमच्या अंबडचा जाळीवाला. पन्नाशीचा, काटक, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. शेताला, शाळेला, नर्सरीला कुंपण घालायचं म्हटलं की लोक त्यालाच बोलावतात. वडिलांच्या मेंढरांमागं वाढलेला माणूस. लहानपणी मेंढरं कोंडायच्या जाळीची एक खुंटी त्यानं ठोकली, ती ढिली राहिली, लांडगा आत शिरला आणि सात कोकरं गेली. तेव्हापासून खुंटी असो की खांब, स्वतः तपासल्याशिवाय हा पठ्ठ्या काम सोडत नाही. कसं तपासतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं!

मी त्याला बोलावलं ब्रूनोसाठी. माझा मुलगा ऋषी नोकरीला बंगळुरूला गेला आणि चाळीस किलोचं हे कुत्रं माझ्या गळ्यात टाकून गेला. आठ दिवसांपूर्वी ब्रूनोनं बुटक्या भिंतीवरून उडी मारून शेजारच्या रेणुकाच्या तीन वर्षांच्या लेकीला आडवं पाडलं. पोरीच्या कानाला चार टाके पडले. रेणुका भांडली नाही. "मॅडम, पुन्हा असं होऊ देऊ नका," एवढंच म्हणाली. मी कोर्टात नोकरीला, दिवसभर बाहेर. कुत्र्याला साखळीला तरी किती बांधणार? म्हणून अंगणात जाळी मारून त्याला पळायला एक पट्टा करून द्यायचं ठरवलं.

सांडूनं अंगणात फरशीसारख्या बसवलेल्या सिमेंटच्या गट्टूंवर टाच आपटली. "बाई, गट्टू काढावे लागतेत. खड्डे घेऊन काँक्रीट भरू. खाली निस्ती दगडाची कच हाय, खांबाला पकडच न्हाई."

माझं टाळकंच सटकलं. दिवाळीत बसवलेले लाल-राखाडी गट्टू! एकेक ओळ मी उन्हात उभं राहून बसवून घेतलेली. "एकही गट्टू हलवायचा नाही. वरूनच खांबाखाली लोखंडी प्लेट ठेवा आणि बोल्ट मारा."

"उपटून येईल, बाई."

"मला शहाणपण शिकवू नका हो!" मी गल्ली जागी होईल एवढ्यानं ओरडले.

"बराबर हाय. घर तुमचं हाय," म्हणून तो कामाला लागला. दोन दिवसांत खांब उभे राहिले, जाळी लागली. मी खांबाला रेटा देऊन बघितला. जागचा हलला नाही. मनात म्हटलं, बघा, कोण शहाणं ठरलं!

तिसऱ्या दिवशी सकाळी सांडू आला तो काखेत महिनाभराचं कोकरू घेऊन. जाळीबाहेर, भिंतीपाशी त्यानं ते बांधलं. मग ब्रूनोच्या गळपट्ट्याला लांब दोर लावला, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं आणि जाळीच्या आत गेला.

"अहो, हे काय करून राह्यलात?"

"तपासून राह्यलो. कोकराबिगर मी काम सोडत न्हाई."

मी धावेपर्यंत ब्रूनो सुटला होता. एकदा जाळीवर आदळला. दुसऱ्यांदा आदळला आणि आई गं! मधला खांब प्लेटसकट, बोल्टसकट, दोन गट्टू घेऊन उपटून आला. जाळी लोळली. कोकराच्या मानेपासून वीतभर अंतरावर ब्रूनोला हिसका बसला. सांडू गुडघ्यांवर फरफटत आला होता, दोन्ही तळहात सोलून निघालेले.

"वेडे आहात का? मेलं असतं ना ते!" मी कोकराला मागं ओढलं.

"माझं फरफटणं धरूनच दोर मोजला व्हता," तो धापा टाकत म्हणाला. "उद्या तुम्ही कोर्टात असणार. मंग दोर कोण धरणार?"

मी मान वळवली तर भिंतीपलीकडं रेणुका. लेक कडेवर, कानाला पट्टी. तिनं सगळं बघितलं होतं. चेहरा पांढराफटक पडलेला.

"मॅडम, त्या दिवशी हे भाऊ 'उपटून येईल' म्हणत व्हते, ते मी हितूनच ऐकलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तरी म्हटलं, मॅडम शिकलेल्या हायेत. आमच्या लेकराचा इचार करतीलच."

शरमेनं मला वर बघवेना. "सांडू, सगळे गट्टू काढा," मी म्हटलं. तोवर रेणुकानं लेकीला आत नेऊन दाराला कडी लावली होती.