पाचव्या पायरीवरचे कर्नल

मोठी लढाई जिंकायला मोठा सेनापती लागतो. वाडीची पायऱ्यांची विहीर गाळाने बुजली आणि बायका भर उन्हात ओढ्यावरून हंडे वाहू लागल्या, तेव्हा आम्हाला तो आयताच मिळाला. निवृत्त होऊन गावी परतलेले कर्नलसाहेब एका सकाळी गाळ काढण्याचा नकाशा घेऊन विहिरीवर हजर झाले.

नकाशा कुणी पाहिला नाही. ओढ्यावरून हंडे वाहणाऱ्या पारूमावशींनी घमेली हातोहात वर द्यायला माणसांची रांग लावली आणि साहेबांना खालून पाचव्या पायरीवर उभं केलं. "साहेब, ताठ राहून भागायचं नाही. वाका जरा!"

साहेब वाकले. पुढचे अकरा दिवस ते रोज त्याच पायरीवर वाकत होते. सहाव्या पायरीवर मी होतो, आणि त्यांच्या हातून येणारं घमेलं इतरांच्या घमेल्याइतकंच गळत होतं.

बाराव्या दिवशी कपारीतून पाणी फुटलं. "आलं गं बाई, आलं!" मावशी ओरडल्या. रांगेने केलेला जल्लोष कुठल्याही संचलनापेक्षा देखणा होता. तळाशी घोटाभर पाणी साचलं, तेव्हा साहेबांनी पाचव्या पायरीवरून मावशींना कडक सलाम ठोकला.

"असू द्या, असू द्या," मावशी म्हणाल्या, "आधी घमेलं द्या वर."

जलपूजनाला पाहुणे बोलावले. ते दोन तास उशिरा आले. तोवर गुरांच्या डोणीतलं पहिलं पाणी म्हशी पिऊन गेल्या होत्या.