पिंपरीचा गुरुवार

गावातून एसटी सुटली तेव्हा काका दुकानाच्या फळ्या काढत होते. गाडी समोरूनच जाते, म्हणून त्यांनी हात वर केला आणि लगेच पाठ फिरवली. वाचनालयाच्या अंकासाठी प्रवासाचं काहीतरी लिहून दे, असं मास्तरांनी मला बजावून ठेवलं होतं. लोक काशीला जातात, काश्मीरला जातात. मी पिंपरीला मुलाखतीला गेलो, तेव्हा तेच वाचा.

आयटीआयचा टर्नरचा कोर्स करून मला चार वर्षं झाली होती. एवढ्या काळात लेथला, म्हणजे लोखंड फिरतं ठेवून कातायच्या यंत्राला, हात लागलेला नव्हता. काकांच्या सायकलच्या दुकानात मी पंक्चरं काढत होतो आणि वाकडी चाकं सरळ करत होतो. मुंबईला दोनदा मुलाखतीला गेलो, दोन्ही वेळा यंत्रासमोर हात थरथरायला लागले. पिंपरीच्या या कंपनीची अट पंचविशीच्या आतली होती आणि माझी पंचविशी दाराशी येऊन उभी होती. ही संधी गेली की कारखान्याचं नाव काढायचं नाही, हे मला आणि घरच्यांना न बोलता कळलेलं होतं.

मुलाखत शुक्रवारी होती. माझा मावसभाऊ दिगंबर तिथल्या एका कारखान्यात आहे. ‘कधीही ये, भोसरीत एका तात्यांचं छोटं वर्कशॉप आहे, ते सरावाला लेथ देतील,’ असं त्याने कळवलं होतं. मी बुधवारी पोचायचं आणि गुरुवारचा अख्खा दिवस हात बसवायचा, असा बेत केला. या बेतावर मी फार खूश होतो.

घाट चढून कोल्हापूर, मग पुणं, तिथून दुसऱ्या गाडीने पिंपरी. गाडीतून उतरलो आणि पहिल्यांदा दिसल्या त्या सायकली. भोंगा झाला होता आणि कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडत होता. एवढ्या सायकली मी जन्मात एकत्र पाहिल्या नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याच सायकलींची मागची चाकं डगमगत होती, तेही मला दिसलं. थंडी मात्र आमच्या कोकणी हाडांना सोसेल अशी नव्हती.

दिगंबर ‘कॉट बेसिस’वर (खोली नव्हे, नुसती खाट भाड्याने घेणं) राहतो. त्यातही खाट त्याच्या एकट्याची नाही. तीन पाळ्यांतले तिघे जण आळीपाळीने त्याच खाटेवर झोपतात. एक उठून कामाला गेला की दुसरा येऊन आडवा होतो. गादी कधी गार पडत नाही, असं दिगंबर अभिमानाने म्हणाला.

“उद्या सकाळी तात्यांकडे जाऊ ना?” मी विचारलं.

“उद्या?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “अरे, उद्या गुरुवार.”

“मग?”

“मग काय? सुट्टी! इथे गुरुवारी कारखाने बंद. रविवारी चालू.”

सगळीकडे एकाच दिवशी सुट्टी नको, विजेचा भार वाटला जावा, म्हणून या पट्ट्याला गुरुवार दिलेला आहे. आपल्या गावात गुरुवार म्हणजे बाजाराचा, आठवड्यातला सगळ्यात कामाचा वार. तो कुठे सुट्टीचा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

गुरुवारी खाटेचे तिन्ही मालक एकाच वेळी घरी होते, आणि चौथा मी. झोपायला जागा नव्हती म्हणून सगळे मला शिकवत बसले. एक म्हणाला, साहेबांच्या डोळ्यांत बघून बोल. दुसरा म्हणाला, मान खाली ठेव. दिगंबरने बजावलं, “सायकलचं दुकान सांगू नकोस. ‘वर्कशॉप’ म्हण.” जेवताना मी भाकरीबरोबर चटणी मागितली, तर ताटात लाल पूड पडली. इथे चटणी म्हणजे नुसतं लाल तिखट; खोबऱ्याचा मागमूस नाही. ठसका असा लागला की मुलाखतीच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर तांबडा डाग पडला. धुऊनही तो पूर्ण गेला नाही.

दुपारी मी हट्टाने दिगंबरला भोसरीला नेलं. तात्या तिथले जुने रहिवासी, शेताच्या कडेला पत्र्याचं शेड टाकून वर्कशॉप चालवणारे. ते बाजेवर ऊन खात बसले होते.

“आज लाइट न्हाई, पोरा,” ते म्हणाले. “मशीन फिरनार न्हाई.”

“नुसती बघू का?”

“बघ की. बघायला काय पैसं पडत्यात व्हय?”

मी बंद लेथसमोर उभा राहिलो. काय करणार? चकमध्ये (काम पकडून ठेवणाऱ्या जबड्यात) लोखंडाचा तुकडा धरला, कापायची पाती लावली, आणि चालू करायला वीज नव्हतीच म्हणून चक हातानेच फिरवलं. तुकडा वाकडा फिरत होता. खडू धरून तो कुठे घासतो ते पाहिलं, सैल केलं, परत आवळलं, परत फिरवलं. दुकानात उलटी ठेवलेली सायकल आणि तिचं चाक, अगदी तोच प्रकार. आयटीआयमध्ये असं करायला शिकवलं असणार. आम्ही पोरं थेट बटण दाबायचो. संध्याकाळपर्यंत मी तेच करत राहिलो. एकदाही लोखंड कातलं गेलं नाही. दिगंबर बाहेर तात्यांशी गप्पा मारत होता आणि मधूनमधून माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता.

शुक्रवारी कंपनीच्या आवारात आम्ही उमेदवार एका बाकावर बसलो. शेजारी लातूरकडचा एक जण होता, तीन वर्षं एका कारखान्यात लेथवर काम केलेला. त्याच्यापुढे आपला काय निभाव लागणार, असं मला वाटलं. त्याला आत बोलावलं आणि तो लगेचच बाहेर आला.

“काय झालं?”

“काय की राव. बटणाकडं हात नेला अन् साहेब म्हणले, पुरे.”

“चालूच करू दिलं नाही?”

“न्हाई ना! जा म्हणले.”

तीन वर्षंवाल्याची ही गत. मग माझं नाव पुकारलं. आत गेलो तेव्हा हात थरथरत होते, मुंबईसारखेच. लेथवर तुकडा आधीच बांधून ठेवला होता. चष्मेवाले साहेब मुख्य स्विचपाशी उभे होते. “करा सुरू,” ते म्हणाले.

बटण उजव्या हाताला होतं. पण माझा हात आपसूक चककडे गेला आणि मी ते हाताने फिरवलं. अर्धा फेरा झाला असेल आणि टक् आवाज झाला. चकचा एक जबडा पातीवर आपटत होता. बटण दाबलं असतं तर पातीचा तुकडा कुणाच्या तोंडावर उडाला असता कोण जाणे. मी पाती मागे घेतली, तुकडा सोडवून नीट बांधला आणि पुन्हा फिरवून पाहिलं. मग बटण दाबलं. हाताची थरथर कधी थांबली ते मला कळलं नाही.

काम बरं झालं. फार चांगलं नव्हे. साहेबांनी मोजलं, मान हलवली आणि विचारलं, “आधी हाताने फिरवून बघायची सवय कुठली?”

दिगंबरचा शब्द जिभेवर होता. पण तोंडातून निघालं ते, “काकांच्या सायकलच्या दुकानातली.”

साहेबांनी माझ्या खिशावरचा डाग पाहिला आणि पहिल्यांदाच हसले. दुपारी नावं वाचून दाखवली. त्यांत माझं होतं. मला इतका आनंद झाला की फाटकाबाहेर येऊन मी लातूरच्या त्या पोराला शोधलं, पण तो निघून गेला होता. त्याला जबड्याचं सांगायचं राहून गेलं.

सामान न्यायला गावी परत आलो. दुकानात काका सायकल उलटी ठेवून बसले होते. मी बातमी सांगितली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“चार वर्षं तुझी इथे फुकट घालवली रे मी,” ते म्हणाले. “त्याचं वाटत होतं.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं: बंद लेथ, खडू, तो टक् आवाज आणि साहेबांचा प्रश्न. उत्तर काय दिलं तेही सांगितलं. काकांनी समोरचं चाक हाताने फिरवलं आणि ते थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

“सुट्टी कधी असते तिथे?”

“गुरुवारी.”

“मग बरंच आहे,” काका म्हणाले. “गुरुवारी येत जा. बाजाराला सायकली फार येतात, मला एकट्याला आवरत नाही.”

पिंपरीहून गावी पोचायलाच सुट्टीचा सगळा दिवस जातो, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी येईन म्हणालो, आणि पंपाची नळी सोडवून त्यांच्या हातात दिली.